भिंत खालून पाहाची असते

ड्रॉइंगच्या सरानं माह्या वहीचं पान फाडलं अन् खिडकीच्या उजेडाले धरलं. एक डोळा मिटून पाह्यलं. मंग पान उलटं केलं अन् मागच्या अंगानं बोट फिरवलं. दाबल्याचा वळ लागते का, ते पाहून राह्यले होते.

"ट्रेस केलंस."

"नाही सर."

"मग फूटपट्टी लावलीस. फ्रीहँड म्हणजे काय, कळतं का तुला?"

"हातानंच काढली सर."

वर्ग हसला. पांढरकवड्याची शाळा, आठवीचा वर्ग. हायवेवरून ट्रक गेला की खिडक्या थरथरत. सरानं टेबलावर मातीची सुरई ठेवलती अन् सगळ्या पोट्ट्याईनं ती पाहून कागदावर काढाची होती. ज्यायची सुरई चांगली, त्यायचं नाव ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेले जाणार होतं. मले त्या परीक्षेले बसाचं होतं. त्या वर्षी मले दुसरं काहीच नको होतं. नवा ड्रेस नाही, सायकल नाही, काहीच नाही.

"ये फळ्यावर. सगळ्यांसमोर काढून दाखव."

मी गेली. हात कापला नाही. हे मी फुशारकी म्हणून नाही सांगून राह्यली. बाबानं शिकवलतं तसं केलं. खडूकडे पाहाचं नाही, जिथी पोचाचं तिथी पाहाचं, अन् श्वास सोडत हात खाली आणाचा. वरून खाली एक रेघ सोडली. मंग सुरईचं डावं पोट, मंग उजवं. गळा. काठ. खडू ठेवला अन् बाजूले सरकून उभी राह्यली.

सरानं लाकडी पट्टी घेतली अन् माही सुरई मोजली. मधल्या रेघेपासून डावीकडे, मंग उजवीकडे. पट्टी खाली सरकवून पुन्हा मोजलं. गळा मोजला. कुठीच फरक नाही. मी सराच्या तोंडाकडे पाहून राह्यलती. वाटलं, आता शाब्बास म्हणतीन.

सर पोट्ट्याईकडे वळले. "बघा मुलांनो, याला म्हणतात कसब. सुताराचा हात बसतो, लोहाराचा बसतो, तसा पेंटरच्या मुलीचाही बसलाय. पण ही कला नव्हे. कला शिकून येत नाही. ती रक्तात असावी लागते."

मंग त्याईनं पहिल्या बाकावरच्या वकिलाच्या पोरीचा कागद वर धरला. तिची सुरई एका अंगानं कललती. पाणी भरलं असतं तर अर्धं टेबलावर सांडलं असतं. "ही रेषा बघा. थरथरते आहे, पण जिवंत आहे." त्या पोरीवर माहा राग नाही. आपल्या सुरईत जिवंत काय आहे, हे तिले बिचारीलेच समजलं नव्हतं. ती मान खाली घालून बसली.

पाच मिनिटाआधी मी चोर होती, कारण रेघ सरळ होती. चोरी नाही असं दिसलं, तर मी मजूर झाली, कारण रेघ सरळ होती. रेघ तीच. मले बसवाची जागा तेवढी बदलली. हे आज समजते. तेव्हा एवढंच समजलं की आपल्यात काहीतरी नाही, अन् जे नाही ते कितीही मेहनत केली तरी येणार नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. सर म्हणाले, "परीक्षेला जाणाऱ्यांची नावं तू लिही फळ्यावर. अक्षर छान आहे तुझं."

मी लिहिली. पहिले वरची आडवी रेघ मारून घेतली, मंग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवलं. सहा नावं. सगळी एका मापाची, सुंदर. सातवं नाव नव्हतं. दहावी होईपर्यंत त्या शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहिला. दोन वर्षं मी दुसऱ्यायचे चांगले विचार चांगल्या अक्षरात काढले, अन् सगळे म्हणत, काय अक्षर आहे वो पोरीचं!

घरी आल्यावर बाबाले सांगतलं. माहा बाबा ट्रकपेंटर. हायवेच्या कडीले त्याचं टिनाचं शेड होतं. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथी थांबत. मालकाचं नाव, गाडीचा नंबर, मागच्या फाळक्यावर मोर, कमळ, डोळे. बाबा मोराची शेपटी भरून राह्यलता. मले वाटलं, तो ब्रश फेकीन अन् शाळेत जाईन, भांडीन. त्यानं ब्रश रॉकेलात बुडवला अन् पुसला.

"सर शिकलेले हायेत, माय. ते म्हणत असतीन तर असंन."

मले सरापेक्षा बाबाचा राग जास्त आला. अन् त्या रागात मी एक गोष्ट पाह्यलीच नाही. बाबाच्या मोराचं तोंड. ते मोराचं नव्हतंच. ते आमच्या शेजारच्या घरच्या कोंबडीचं होतं. रागीट, वाकड्या मानेचं, आता टोचते का मंग टोचते असं. बाबानं मोर जवळून कधी पाह्यला नव्हता, तर त्यानं रोज दारात दिसणाऱ्या कोंबडीवरून तोंड घेतलं अन् त्याले शेपटी लावली. ट्रकवाले मुद्दाम थांबून तोच मोर मागत. "वो गुस्सेवाला मोर निकालो, पेंटरभाई." असा मोर हायवेवर दुसऱ्या कोणाचाच नव्हता. पण त्याले कोणी चित्र म्हटलं नाही. मीही नाही.

अन् रक्ताचं म्हणाल, तर माहा आजा धम्माची दीक्षा घेऊन आला तेव्हा घरातले जुने देव नदीत सोडले अन् ही रक्ताची भाषाही त्यायच्यासोबतच सोडली. आमच्या घरात कोणी रक्तावरून बोललं की आजी म्हणे, "ते मागं राह्यलं, आता आपल्या घरात नाही." त्या घरची मी. अन् सरानं एका तासात ते रक्त पुन्हा माह्या अंगात भरून दिलं. मी ते घेऊन वीस-बावीस वर्षं फिरली. लाज वाटते सांगाले.

दहावीनंतर मी बाबाच्या हाताखाली आली. खरं म्हणजे लहानपणापासूनच होती. बाबा वर शिडीवर, दुकानाच्या माथ्यावर नाव लिहून राह्यला, अन् मी रस्त्याच्या पलीकडं. तो वरून ओरडे, "कसं दिसते?" मी म्हणत होती, "वरची ओळ बुटकी दिसते बाबा." तो पुसे अन् वरची अक्षरं लांब करे. शिडीवरून पाह्यलं तर ती अक्षरं बेढब, उगाच ताणलेली. रस्त्यावरून पाह्यलं तर सगळी सारखी. जितकं उंच, तितकं जास्त लांब काढाचं. किती लांब, हे कोणत्या पट्टीत नाही सापडत. समोर रस्ता किती रुंद आहे, माणूस कुठून पाहणार आहे, त्यावर ते ठरते. बाबा म्हणे, "भिंत खालून पाहाची असते, माय. वर चढून कोणी वाचत नाही."

मंग फ्लेक्स आले. एका दिवसात छापून, एका दिवसात टांगून. बाबाचं शेड बसलं, पुढं बाबाचे डोळेही बसले. मी शाळेच्या भिंती धरल्या. बाराखडी, पाढे, आंबा-अननस, पाणी वाचवा. शिडीवर बाईमाणूस पाहून सुरुवातीले लोकं थांबत, फोटो काढत, नंतर सवय झाली. शाळेतून कागद येई, त्यावरचं मी भिंतीवर उतरवत होती. एवढ्या वर्षात मी माह्या मनानं झाडाचं एक पानही काढलं नाही. एक पान! हात सरळ आहे, हातानं पोट भरते, चित्रं रक्तवाल्यायनं काढावी, असं माह्या डोक्यात पक्कं बसलतं.

अशात मागच्या वर्षी सराचा फोन आला. तेच ड्रॉइंगचे सर. रिटायर झालते. आता त्याईच्या नावापुढं चित्रकार लागलतं. झरी जामणीकडच्या बारा शाळेच्या भिंतीवर चित्रं काढाचं काम त्याईले मिळालतं.

"चित्रं माझी असतील. तुझा हात लागेल."

खोटं कायले बोलू, मले आनंद झाला. सराले माही आठवण राह्यली, माह्या हाताची आठवण राह्यली. मी घरभर सांगत फिरली. बाबा खाटेवर बसलता. तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

पहिली भिंत झरीकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेची होती. दुमजली जिन्याची सपाट भिंत, तीन माणसं एकावर एक उभी राहतीन एवढी उंच. भिंतीच्या समोर पाण्याची टाकी. टाकी अन् भिंत यायच्या मधात आठ-दहा पावलाची जागा. म्हणजे भिंत पाहाची तर मान मागं टाकूनच पाहा लागे, लांब जाऊन पाहाले जागाच नव्हती. सरानं दिलेला कागद वहीएवढा होता. ढेमसा नाचणाऱ्या माणसाईची रांग, वर ढोलवाले, त्यायच्याही वर डोंगर. कागदावर चित्र चांगलं होतं. मी त्याले नावं नाही ठेवत.

कागदावर चौकोन आखाचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन आखाचे, अन् एकेका चौकोनातलं उचलून न्याचं, ही उतरवाची रीत. दोरा निळीत बुडवून ताणला अन् टिचकी मारली की भिंतीवर सरळ रेघ उठते. पहिली आडवी रेघ मारून मी खाली आली अन् टाकीले पाठ टेकवून वर पाह्यलं. वरची माणसं दबणार होती. हे मले दिसलं तसं दिसलं, काही हिशेब केला नाही. मंग मी वरच्या रांगेचे चौकोन लांब घेतले. मधली रांग थोडी लांब, वरची आणखी लांब. तीन दिवस कोळशानं माणसं काढली. शिडी चढाची, चार रेघा माराच्या, उतराची, टाकीजवळ जाऊन पाहाचं, पुन्हा चढाचं. शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई रोज टाकीवर पाणी भराले येई. तिसऱ्या दिवशी ती पाण्याचा गुंड खाली ठेवून वर पाहत उभी राह्यली. म्हणे, "हा वरचा ढोलवाला आमच्या काकासारखा दिसते वो बाई."

चौथ्या दिवशी सर गाडीनं आले. खाली उभे नाही राह्यले. टाकीपलीकडच्या इमारतीत वरच्या व्हरांड्यात त्याईले खुर्ची टाकलती, तिथी जाऊन बसले. तिथून भिंतीचा वरचा भाग अगदी नाकासमोर.

"हे काय करून ठेवलंस? बांबूसारखी माणसं!"

"सर, खाली येऊन पाहा. टाकीजवळून."

सर खाली आले, पण टाकीकडे गेले नाहीत. शिपायाले टेप धराले लावला अन् चौकोन मोजला. उभा इतका, आडवा इतका. मंग कागद मोजला. आठवीची लाकडी पट्टी माह्या डोळ्यापुढं आली. तेव्हा मापात बसली म्हणून कला नव्हती. आता मापात नाही बसली म्हणून चूक होती.

"कागदावरचा चौकोन चौकोनच आहे ना? मग भिंतीवर लांब का? तुला डोकं चालवायला कोणी सांगितलं? विचार मी केलाय. तू फक्त उतरव."

"वरचं बुटकं दिसन सर. माहा बाबा..."

"तुझे वडील ट्रक रंगवायचे. हे चित्र आहे. पूस."

मी पुसलं. कोणी माहा हात धरून पुसलं नाही. मीच बादली भरली, मीच फडकं घेतलं अन् तीन दिवसाची माणसं मीच धुवून काढली. काळं पाणी भिंतीवरून खाली आलं. काकासारखा दिसणारा ढोलवाला गेला. पाणी भराले आलेल्या बाईनं पाह्यलं अन् गुंड उचलून गेली.

मंग बरोब्बर कागदासारखं काढलं. मापात कुठीच फरक नाही. परांची बांधून बारा दिवस रंग भरला. उद्घाटनाआधी कोणी पाहू नाही म्हणून सरानं परांचीवर हिरवी जाळी बांधाले लावली. शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात सराचं नाव काढलं. तेही मीच. वरची रेघ पहिले, मंग अक्षरं.

कार्यक्रमाच्या सकाळी जाळी काढली, परांची सोडली. भिंतीसमोर पाहुण्याईच्या खुर्च्या, मागं टाकीच्या ओट्यावर शाळेचे पोट्टे, अन् बाजूले कोलामाईच्या पोडावरून, म्हणजे त्यायच्या वस्तीवरून, आलेले मायबाप. लेकराईचं काहीतरी आहे म्हणून ते सकाळीच पायी आलते. फीत कापली. टाळ्या वाजल्या. सगळ्याईनं माना मागं टाकल्या.

पाय मोठे. पोटऱ्या मोठ्या. वर जाता जाता माणसं आखूड होत गेलती. ढोलवाल्याईचे डोके खांद्यात रुतलते. टाळ्या मधातच थांबल्या. पोडावरची एक म्हातारी कोलामी बोलीत काहीतरी बोलली अन् पोट्टे खदखदा हसले. पाहुण्याईनं विचारलं, काय म्हणते ती? एका पोरीनं मराठीत सांगून टाकलं.

"आजी म्हणते, यायच्या डोक्शावर कोण बसलं? मुंडकं पार छातीत घुसलं."

आता पाहुणेही हसले. सरानं लगेच माइक घेतला. आवाज शांत, शाळेत होता तसाच.

"मूळ चित्रात हा दोष नाही. भिंतीवर उतरवताना कामगाराकडून चूक झाली आहे." बोटानं मले दाखवलं. मी टाकीजवळ उभी होती, कोपरापर्यंत रंग. "हात चांगला आहे हिचा. पण दृष्टी नाही. ती शिकवून येत नाही. दोन दिवसांत हिच्याकडून दुरुस्त करून घेतो."

दृष्टी नाही.

मी सात-आठ वर्षाची असल्यापासून रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बाबाले वरचं कसं दिसते ते सांगत आली. माह्या सांगण्यावर पांढरकवड्यातली अर्धी दुकानं लिहिल्या गेली. अन् मले दृष्टी नाही! माह्या डोक्यात काहीतरी ताडकन तुटलं. बरं वाटलं मले. खरंच सांगते, लय बरं वाटलं.

मी पिशवीतून कोळशाचा तुकडा काढला अन् खुर्च्याईच्या मधातून चालत सरापुढं गेली. माइक नाही, काही नाही. तोंडानंच बोलली.

"घ्या सर. सगळ्यांसमोर काढून दाखवा."

"काय?"

"एक मुंडकं काढा. वरचं. शिडी टेकवलेली आहे. चढा, काढा, खाली या अन् इथून पाहा. माह्याकडून तुमी असंच काढून घेतलतं. आठवीत. सुरई."

सराले आठवलं. त्याईच्या डोळ्यात मले दिसलं ते. कोळसा त्याईनं घेतला नाही.

"माझं काम चढायचं नाही. माझं काम विचार करायचं."

"मंग विचारच चुकला, सर. हात नाही चुकला. हातानं पहिल्या खेपेले बरोबर काढलतं. तुमी पुसाले लावलं."

तेवढ्यात मागून आवाज आला. स्वयंपाकाची बाई. पदराले हात पुसत उभी होती.

"पहिले बरोबर होतं. मी पाह्यलं रोज. काळ्या रेघाईचं होतं ते आमच्या माणसाईसारखं दिसे."

सर तिच्याकडे पाहून हसले अन् पाहुण्याईले म्हणाले, "यांना काय कळतं चित्रातलं."

पोडावरच्या लोकाईले मराठी समजत होती. म्हातारीले पण समजत होती. ती हसाची थांबली. ज्यायचं चित्र काढलतं त्याईलेच म्हणून राह्यले होते, की तुम्हाले तुमचं तोंड वळखू येत नाही. एकेक करून ते लोकं उठले अन् लेकराईच्या बाजूले जाऊन उभे राह्यले. पाहुण्याईनं घड्याळ पाह्यलं. "नंतर बोलू आपण," असं म्हणून जेवणाकडे वळले. सगळं असंच पांगलं. कोणी सराले काही बोललं नाही, कोणी मले शाबासकी दिली नाही.

मी सामान भरत असताना सर जवळ आले. हळूच म्हणाले, "दोन दिवसांत नीट करून दे. झालं ते विसरू. बाकीच्या अकरा भिंती आहेत."

"मी नाही करणार दुरुस्त."

"मग या जिल्ह्यात तुला एकही भिंत मिळणार नाही. समजतंय का?"

"समजते. तुमचं चित्र आहे सर. तुमचंच नाव आहे खाली. राहू द्या तसंच."

अन् ते तसंच आहे. अजून आहे. खाली त्याईचं नाव, माह्या अक्षरात. अकरा भिंती दुसऱ्या पेंटरले गेल्या, अन् आणखीही काही गेलं, फोन यायचे ते बंद झाले. सर बोलल्यासारखे वागले, एवढं मानलं पाहिजे.

घरी येऊन बाबाले सगळं सांगतलं. मले वाटलं, बाबा खुश होईन. पोरीनं भर सभेत सराले तोंडावर सांगतलं! बाबानं शेवटपर्यंत ऐकलं. मंग विचारलं,

"पहिले वरचं लांब घेतलतं ना?"

"हो बाबा."

"खालून पाह्यलतं?"

"पाह्यलतं. बरोबर होतं."

"मंग पुसलं काहून?"

भर सभेत जे बोलली ते सोपं होतं. हे अवघड होतं. बरोबर आहे हे मले माहीत होतं, डोळ्यानं दिसत होतं, अन् तरी मी बादली भरली. सर त्या दिवशी मोठ्यानं ओरडलेही नव्हते. आठवीतलं एक वाक्य माह्या आत बसलतं, त्यानं फडकं मारलं. बाबा खाटेवरून माह्या बाजूले पाहून राह्यलता. त्याले आता धूसर दिसते, पण तो पाहून राह्यलता.

"म्या बी तेव्हा चूक केली," बाबा म्हणाला. "सर म्हणत असतीन तर असंन, असं म्या नव्हतं म्हणाले पाहिजे."

मी रडली. भसाभस रडली. त्या सुरईसाठी एवढ्या वर्षात पहिल्यांदा रडली.

आमच्या वार्डातल्या विहाराच्या मागची भिंत रिकामी होती. पंचाईले विचारलं, ते म्हणाले, काढ बाई तुले जे काढाचं ते. मी निळीचा दोरा घेऊन उभी राह्यली अन् मले काहीच सुचलं नाही. कागदच नव्हता ना हातात! तुले काय काढाचं आहे, हे मले आजवर कोणी विचारलंच नव्हतं. सरानं नाही, शाळेनं नाही, मी स्वतःही नाही. वकिलाच्या पोरीले ते लहानपणापासून रोज कोणीतरी विचारत असंन. तिले वाकडं काढू देत असतीन अन् वाकड्याले जिवंत म्हणत असतीन. मले वाकडं काढाची सोयच नव्हती. वाकडं काढलं असतं तर पेंटरच्या पोरीले हातही नाही असं झालं असतं. यालेच ते रक्त म्हणतात. मी आता पाह्यलं त्यायचं रक्त. मोकळा वेळ आहे ते, अन् चुकाले मिळालेली सूट आहे.

अन् कसब म्हणजे नुसता हात, हेही खोटं. वरची रांग किती लांब घ्याची, हे हात नाही ठरवत. बाबाच्या मोराले कोंबडीचं तोंड कोण्या हातानं लावलं नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाची मान कुठवर मागं जाईन, याचा जो विचार करते, त्याच्यापेक्षा मोठी कला मले तरी कोणी अजून दाखवली नाही.

चार दिवस नुसती भिंत पाह्यली. पाचव्या दिवशी काढाले लागली. एक पोरगी, रस्त्याच्या कडीले उभी, तोंड वर. ती जे पाहून राह्यली ते भिंतीवर नाही, भिंतीच्या वर आहे. पहिल्या खेपेले वाईट निघालं. मान आखडल्यासारखी दिसे. पुसलं. बाबाले हाताले धरून आणलं, गल्लीच्या पलीकडं उभं केलं. वरून ओरडली, "कसं दिसते?" त्यानं डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला. म्हणाला, "हनुवटी वर घे अजून." दुसऱ्या खेपेले हनुवटी आली, डोळे नाही आले. तेही पुसलं. वार्डातले लोकं म्हणतात, बाई नुसती पुसतेच. पुसू द्या मले. आता पुसाचं की ठेवाचं, हे मी ठरवून राह्यली.

सुरई मी विसरणार नाही. माफही करणार नाही. अन् यापुढं कोणी माह्यासमोर म्हटलं, की कला रक्तात लागते, तर मी वाद नाही घालणार. त्याच्या हातात कोळसा देईन, शिडी दाखवीन अन् म्हणीन, चढ. मंग खाली ये, इथी माह्या बाजूले उभा राह्य अन् मान मागं टाकून पाह्य, काय काढलं ते.